मित्राचं सुतक

"मित्राचं काई सुतक लागत नाही," आई म्हणाली. ती चुकीचं बोलत नव्हती. काका गेल्याचं गुरुवारी सकाळी कळलं आणि रविवारी पुण्यातच माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. बाबांनी जावं की नाही, हा प्रश्नच घरात कुणाला पडला नाही. बाबांचे एक चुलत चुलते वारले तेव्हा आमच्याकडे दहा दिवस देवपूजा बंद होती, गोडधोड बंद होतं. त्या चुलत्यांना बाबा उभ्या आयुष्यात चारदा भेटले असतील. ज्या माणसासोबत एकतीस वर्षं रोज चहा घेतला, त्याच्यासाठी एक दिवससुद्धा नाही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, हॉलवर आले, पंगतीत बसून जेवले. ग्रुप फोटोच्या वेळी मीच ओरडलो, "बाबा, हसा ना जरा!" ते हसले. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

मी काय केलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे इतरांवर तोंडसुख घेताना मला कुणी सोवळा समजणार नाही.

बाबा २०२३ साली, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले. काका त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते. ते दोन महिन्यांनी निवृत्त झाले. दोघे एकाच वर्षी, १९९२ ला लागलेले. काका कुणाच्याही टिपणातली शुद्धलेखनाची चूक काढायचे म्हणून बाबा त्यांना 'मास्तर' म्हणायचे. आम्ही कुणबी, काका बौद्ध. दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रपूजा व्हायची आणि बाबा ती उरकून काकांसोबत नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. काका तिथल्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तकं घ्यायचे, बाबा पिशवी धरायचे. रात्री उशिरा घरी येऊन मग बाबा आम्हाला सोनं द्यायचे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा दोघेही मांडवात बसले होते. वास्तविक दोघांनाही जुनी पेन्शन होतीच. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पोरांसाठी बसले होते. निवृत्तीला जेमतेम काही महिने राहिलेली ही दोन माणसं उन्हात घोषणा देत होती, आणि मी पुण्यातून फोन करून बाबांना विचारत होतो की याचा तुमच्या ग्रॅच्युइटीवर काही परिणाम तर होणार नाही ना.

कारण माझ्याकडे एक्सेल शीट होती. बाबांच्या निवृत्तीची. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, पेन्शनच्या चाळीस टक्क्यांचं अंशराशीकरण, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत किती टाकायचे (त्याच वर्षी तिची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख झाली होती, त्यामुळे मी खूश), आरोग्य विमा, महागाईचा दर, सगळं. सात टॅब होते. मी ती शीट मित्रांना दाखवायचो आणि ते म्हणायचे, मला पण पाठव ना, माझ्या बाबांसाठी.

बाबांनी ती एकदाच नीट पाहिली. अंशराशीकरणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते म्हन्ते. तोवर बोलाले कोन राह्यते?" मी हसलो. मला तो विनोद वाटला.

सेवापूर्तीचा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि प्रत्येक भाषणात तेच एक वाक्य: आता नातवंडांत रमा. मी तेव्हा अविवाहित, त्यामुळे नातवंडं नव्हती, पण माझा हिंजवडीजवळ चौदाव्या मजल्यावर टू-बीएचके होता. वर्षभराने मी त्या दोघांना तिथे आणलं. स्टेशनवर सोडायला काका आले होते, हातात गोरस भांडारातून घेतलेला गोरसपाकाचा डबा. मी इन्स्टाग्रामवर लिहिलं, 'फायनली आईबाबा माझ्याकडे.' त्याला मिळाले तितके लाइक माझ्या कुठल्याच पोस्टला मिळाले नाहीत.

माझा पहिला आक्षेप त्या लाइक करणाऱ्यांवर आहे, म्हणजे आपल्या पिढीवर. आईवडिलांना गावातून उपटून शहरात आणणं ही आपण सेवा समजतो. आपण त्याचे फोटो टाकतो. पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत दोन खोल्यांच्या घरातली एक खोली 'पॅरेंट्स रूम' असते आणि ती दाखवताना आपला आवाज बदलतो. मी हे विदर्भातल्या डझनभर मित्रांच्या घरी पाहिलंय. आपण त्यांच्या औषधांची यादी करतो, बीपीचं यंत्र आणतो, मोठ्या अक्षरांचा फोन घेऊन देतो. पण आपल्यापैकी किती जणांना बापाच्या सगळ्यात जवळच्या मित्राचा मोबाइल नंबर माहीत आहे? आता, हे वाचताना, फोन हातातच आहे. बघा सेव्ह आहे का. माझ्याकडे काकांचा नव्हता. काकांच्या मुलाचाही नव्हता.

निवृत्तीत पगाराचा निम्मा भाग तरी पेन्शन म्हणून उरतो. रोज भेटणारी माणसं मात्र एका तारखेला संपतात. जी एकदोन उरतात ती टिकवण्यासाठी गाव लागतं, ओळखीचा कट्टा लागतो, सायकलवर पोचता येईल इतकं अंतर लागतं. हे दोघे दर रविवारी पहाटे सायकलने पवनारला जायचे. आश्रमाच्या खाली धाम नदीच्या खडकांवर अर्धा तास बसायचे. काय बोलता, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, काही नाही. परत येताना तर्री-पोहे. माझ्या सातही टॅबमध्ये याला रकाना नव्हता, आणि मी ज्याला 'शिफ्ट करणं' म्हणत होतो त्यात नेमकं हेच काढून टाकलं जाणार होतं.

"तिथं पण ज्येष्ठ नागरिक संघ आहे ना," असं मला लोक सांगतात. होता. बाबा तीनदा गेले. "चांगले लोक आहेत," म्हणाले, "पन त्याईले काय मालूम मी कोन होतो." साठीत नवे मित्र होत नाहीत असं मी म्हणणार नाही, होतात. पण एकतीस वर्षांचा मित्र साठीत नव्याने मिळत नाही, हा साधा बेरीज-वजाबाकीचा हिशेब आहे.

काका ऑक्टोबरात आजारी पडले. बाबा रोज दवाखान्यात फोन लावायचे. तिकडून विचारायचे, "तुम्ही कोण? नातेवाईक?" बाबा सांगायचे, मित्र. "मग घरच्यांशी बोला." दवाखान्याचं चुकलं असं म्हणत नाही, कुणाही फोन करणाऱ्याला रिपोर्ट सांगून कसं चालेल? पण काकांचा मुलगा धावपळीत, फोन उचलायचा नाही, आणि बाबा चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत फोन हातात धरून उभे. "जाऊन येऊ का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. लक्षात घ्या, निवृत्त माणूस, स्वतःची पेन्शन असलेला, पोराला विचारतोय जाऊन येऊ का. मी म्हणालो, दिवाळीची गर्दी आहे, महाराष्ट्र एक्स्प्रेसला वेटिंग आहे, पुढच्या आठवड्यात तत्काळ बघतो. पुढच्या आठवड्यात माझं रिलीज होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, काकांच्या पुतण्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर हार घातलेला फोटो दिसला. बाबांना काका गेल्याचं असं कळलं. दुपारी मी त्यांना म्हणालो, "आता जाऊन काय उपयोग, सगळं आटोपलं असेल."

हे वाक्य मी कधी विसरेन असं वाटत नाही.

आता ड्रॉपडाउनबद्दल. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मनुष्यबळ विभागासाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम केलं. त्यात शोकरजेचा फॉर्म होता आणि त्यात 'मृत व्यक्तीशी नातं' असा रकाना. पर्याय ठरलेले: पती किंवा पत्नी, आई, वडील, मूल, भाऊ, बहीण, सासू, सासरा. ते पर्याय कोडमध्ये टाईप करणारा हात माझा होता. 'इतर' ठेवायचा का, असं मी विचारलं होतं. उत्तर आलं की नको, गैरवापर होतो. मला तेव्हा ते पटलं. आपल्याकडे खासगी नोकरीत शोकासाठी रजा दिलीच पाहिजे असा सर्वसाधारण केंद्रीय कायदाच नाही. कंपनी देईल ती कृपा, आणि कृपा नात्याची यादी पाहून मिळते.

पैशांच्या बाबतीत कायदाही असाच आहे. भविष्य निर्वाह निधीची १९५२ ची योजना सांगते की सभासदाला कुटुंब असेल तर नामांकन कुटुंबातल्याच माणसाचं हवं. बाहेरच्याचं केलंत तर ते बाद. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही तेच होतं. याला कारण आहे, आणि ते चांगलं आहे: बायकापोरांना वाऱ्यावर सोडून कुणी पैसा भलतीकडे देऊ नये. मला काकांच्या पैशात वाटा नको होता, बाबांना तर नकोच. पण पैसा कुणाला मिळावा हे ठरवण्याची यादी आपण उचलली आणि रडायचा हक्क कुणाला, हे ठरवायलाही तीच वापरली. घोळ इथे आहे.

गंमत म्हणजे कायद्याला मित्र अगदीच दिसत नाही असंही नाही. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा जवळचा नातेवाईक नसलेल्या माणसालाही, केवळ जिव्हाळ्यापोटी, अवयव दान करू देतो. समितीची परवानगी घ्यावी लागते, इतकंच. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की उद्या मी माझे निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर माझा प्रतिनिधी कोण, हे मी आधीच लिहून ठेवू शकतो, आणि तो नातेवाईकच हवा असं बंधन नाही. म्हणजे या देशात मित्राला किडनी देता येते. त्याच्या मयताला जायला रजा मागता येत नाही.

धर्माचंही तसंच. ज्यांच्या घरी पितृपक्षात महालय होतो त्यांनी गुरुजींची यादी कधी नीट ऐकावी. आई-वडील, आजे-पणजे, काका-मामा, सासरे असं करत शेवटी शेवटी गुरू, शिष्य आणि मित्रही येतो. ज्याने कुणी ती यादी केली त्याला कळत होतं. सुतकाच्या वेळी मात्र आपल्याला फक्त भाऊबंद आठवतात.

वर्ध्याच्या माणसाने हे लिहिताना जमनालाल बजाजांकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आम्हाला लहानपणी हा सगळा इतिहास सहलीच्या डब्यासोबत खाऊ घातलेला असतो, त्यामुळे त्याची चव कुणाला कळत नाही. मला तो या वर्षी, बाबांमुळे, पहिल्यांदा वाचावासा वाटला.

गांधी १९३४ च्या ऑक्टोबरात काँग्रेसच्या सदस्यत्वातून बाहेर पडले. वय पासष्ट. कागदावर ती निवृत्तीच. त्यानंतर ते राहिले कुठे? मुलांकडे गेले नाहीत. साबरमतीला परत गेले नाहीत. ते वर्ध्याला आले, कारण जमनालाल वर्ध्यात होते. आधी मगनवाडी, मग ३० एप्रिल १९३६ ला शेगाव, जे पुढे सेवाग्राम झालं. गावाची मालगुजारी जमनालालजींची, जमीन त्यांनी दिली. आयुष्याच्या उतरणीवर माणसाने मित्राच्या गावी घर केलं, आणि त्यातून जे उभं राहिलं त्यावर आमच्या जिल्ह्याचं नाव आजही चालतं.

खरं तर 'मित्र' हा शब्द इथे मी घुसडतोय. जमनालाल गांधींपेक्षा वीस वर्षांनी लहान. १९२० च्या नागपूर अधिवेशनाच्या वेळी त्यांनी गांधींना मला तुमचा पाचवा मुलगा माना, असं म्हटलं आणि तेव्हापासून ते 'पाचवा पुत्र' म्हणूनच ओळखले जातात. शाळेत हे मी भक्तीची गोष्ट म्हणून ऐकलं. आता मला त्यात दुसरंच काही दिसतं. काँग्रेसचा खजिनदार, करोडपती व्यापारी, स्वतः बाप असलेला माणूस, त्यालाही आपल्या माणसाच्या जवळ बसण्यासाठी नात्यातलं एक नाव मागून घ्यावं लागलं. मी तरी काकांना 'काका' का म्हणत होतो? बाबांचा मित्र म्हटलं की उंबरठ्याबाहेर, काका म्हटलं की स्वयंपाकघरापर्यंत. मैत्रीला आपल्याकडे स्वतःच्या नावाने आत येता येत नाही, तिला मुलाचं, भावाचं, काकाचं सोंग घ्यावं लागतं. आणि मेल्यावर सोंग उतरतं, कारण सुतकाला खरं रक्त लागतं.

१९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर जमनालालजींनीही निवृत्तीसारखंच काहीतरी केलं. बाकीची कामं बाजूला ठेवून गोसेवा संघाचं काम हातात घेतलं आणि गोपुरीत झोपडी बांधून राहायला गेले. आपण सहलीला ज्या गोपुरीत गीताई मंदिर पाहतो, तीच ही. फार दिवस मिळाले नाहीत. ११ फेब्रुवारी १९४२ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. वय बावन्न. गांधी बहात्तर वर्षांचे.

गांधींनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं. त्यांनी जमनालालजींच्या मित्रांना पत्रं पाठवली आणि त्याच महिन्यात सगळ्यांना वर्ध्यात बोलावलं. जमनालाल जी कामं करत होते त्यांची यादी पुढे ठेवली आणि विचारलं, यातलं कोण काय घेणार? कुटुंबही त्यात होतं. जानकीदेवींनी गोसेवेचं काम उचललं. पण निमंत्रण मित्रांना होतं. मला हे फार व्यवहारी आणि फार कोवळं, दोन्ही वाटतं. मित्र गेल्यावर मित्रांना एकत्र बसायला जागा आणि काहीतरी करायला काम, दोन्ही एकाच पत्रात.

सहा महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९४२ ला, आगाखान पॅलेसच्या कैदेत महादेवभाई देसाई गेले. पंचवीस वर्षांची सोबत. त्यांची पत्नी आणि मुलगा दूर सेवाग्रामला. सरकारने देह बाहेर जाऊ दिला नाही. तेव्हा गांधींनी स्वतः त्या देहाला आंघोळ घातली आणि तिथेच, आवारात, अग्नी दिला. पुढे कैदेत असेपर्यंत ते त्या जागेवर रोज जात राहिले. गांधींच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, जवळच्या माणसांवर ते किती कठोर होत हे त्यांच्या मुलांना विचारावं. पण सहा महिन्यांत दोन जिवलग गेलेल्या म्हाताऱ्याला त्या वेळी कुणी 'तुम्ही नातेवाईक का?' असं विचारलं नाही.

आता तुमचा आक्षेप. हे सगळं भावनिक आहे, रात्री दोनला छातीत दुखलं तर मित्र काय करणार? हा प्रश्न मला ऑफिसात तिघांनी विचारला. तिघांनाही सांगितलं ते इथे सांगतो. वर्धा हे काही रान नाही. सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे, सावंगीला दुसरं. आमच्या घरापासून दोन्हीकडे रात्री दोनला जेवढ्या वेळात पोचता येतं, तेवढ्या वेळात हिंजवडीत संध्याकाळी सातला माझी कार सोसायटीच्या गेटबाहेर निघत नाही. माझ्या आजोबांना रात्री पक्षाघाताचा झटका आला तेव्हा बाबा दौऱ्यावर होते. कोणाची तरी जीप आणून त्यांना सेवाग्रामला नेलं काकांनी. आणि पुण्यात बाबांना चक्कर आली तेव्हा लिफ्टजवळून त्यांना उचललं ते वॉचमनने. मी आत कानात हेडफोन घालून अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलत होतो. ज्या 'सोयी'साठी आपण त्यांना आणतो त्या सोयीचं नाव बहुतेक वेळा आपली मनःशांती असतं.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी एक देतो. २०१९ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेसव्वीस हजार लोकांची चौदा वर्षांची माहिती. त्यातल्या साडेनऊ हजारांहून जास्त जणांचा जवळचा मित्र किंवा मैत्रीण त्या काळात वारली होती. त्यांच्या तब्येतीवर, मनावर, लोकांत मिसळण्यावर परिणाम दिसला तो चार वर्षांपर्यंत. चार वर्षं. आपण बाबांना गुरुवार ते रविवार दिले. केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने अशा दुःखाला १९८९ मध्येच एक नाव दिलं होतं, त्याचा अर्थ साधारण असा की ज्या शोकाला समाज मतदानाचा हक्क देत नाही तो शोक.

हे सगळं मी आईला ऐकवलं. जरा तावातावानेच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "माह्या मैत्रिनी हिंगनघाटलेच राह्यल्या. एकविसाव्या वर्षी आली मी इथं. त्यायचं सुतक कोनं धरलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. या लेखातला सगळा शोक पुरुषांच्या मैत्रीचा आहे, सायकल आणि चहाची टपरी असलेल्या मैत्रीचा, हे मला दिसतंय. आईच्या मैत्रिणी जिवंत असतानाच तिच्यापुरत्या गेल्या आणि त्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. तिच्या मैत्रिणींची नावंही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. तिघी. त्यातली एक वारली आहे. केव्हा, ते आईला चार महिन्यांनी एका लग्नात कळलं होतं. "मंग?" मी विचारलं. "मंग काय. पंगत वाढली."

काकांच्या पुण्यानुमोदनाला मात्र आम्ही गेलो. समृद्धी महामार्गाने, मीच गाडी चालवत. मी एकच दिवस रजा घेतली. फॉर्ममध्ये 'वैयक्तिक काम' लिहिलं. घरासमोर मांडव, बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, शेजारी काकांचा फोटो, चष्म्यासकट. त्रिशरण-पंचशील झालं. आमच्याकडच्या तेरवीत बाबा जसे मागच्या खुर्चीत बसले असते तसेच इथेही जाऊन बसले. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आधी पुतणे बोलले, मग संघटनेचे एक जण. आणि मग माइकवरून बाबांचं नाव पुकारलं गेलं. आधी कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. मित्राने बोलायचं असतं, असा तिथला रिवाजच.

बाबा उठले. मी त्यांना कधी भाषण करताना पाहिलेलं नाही. संपाच्या मांडवातही ते मागे बसून टाळ्या वाजवणारे. माइक हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले की मास्तर माझ्या प्रत्येक टिपणात ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचा, एकतीस वर्षं, आणि वरिष्ठांना वाटायचं मला मराठी येतं. लोक हसले. मग ते म्हणाले, "मी त्याले भेटाले येऊ शकलो नाही," आणि खाली बसले. कारण सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. काकूंनी नंतर त्यांना आत बोलावून काकांची पुस्तकं दाखवली, यातली हवी ती घेऊन जा म्हणाल्या. बाबांनी दोन घेतली आणि पिशवी मी धरली.

त्या रात्री बाबा म्हणाले, मी आता इथंच राहतो. आई महिनाभराने त्यांच्याकडे गेली. हल्ली ती मध्येच हिंगणघाटला जाऊन येते, एसटीने, तिकीट काढून एकटीच. मी दर महिन्याला वर्ध्याला जातो. चौदाव्या मजल्यावरची ती खोली रिकामी आहे आणि नातेवाईक मला विचारतात, असं कसं सोडलंस म्हाताऱ्यांना?

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मित्र किंवा मैत्रीण' हा पर्याय घालावा म्हणून मी तिकीट टाकलं होतं. दोन ओळींचा बदल आहे. 'व्यवसायाची गरज नाही' असा शेरा मारून ते बंद झालं. मी पुन्हा उघडलं, पुन्हा बंद झालं.

बाबांच्या कट्ट्यावर आता तिघे उरलेत. त्यातल्या एकांचा मुलगा बंगळुरूत असतो. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने नुकताच फ्लॅट घेतलाय, पॅरेंट्स रूमचे फोटो परवा स्टेटसला होते, आणि बाबा सांगत होते की ते काका मार्चमध्ये जाणार आहेत, कायमचे. छापून आल्यावर हा लेख सगळ्यात आधी त्याला पाठवणार आहे. तो चिडेल. चिडला तर फोन तरी करेल.